लाँगबोर्डला बालवाडी म्हणू नका

संपादक साहेब,

नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत सर्फिंगवर पानभर लेख आला, वाचून बरं वाटलं, मराठी पेपरात सर्फिंगला अख्खं पान मिळतंय हेच मुळात खूप झालं. ऑलिंपिकचा भाग नीट लिहिलाय, टोकियोला सर्फिंग पहिल्यांदा आलं, पॅरिसच्या वेळी ते ताहितीला झालं आणि २०२८ ला कॅलिफोर्नियात लोअर ट्रेसल्सला होणार, सगळं बरोबर. पण खाली गोव्यात शिकायला जाणाऱ्यांसाठी जी चौकट दिलीय त्यात लाँगबोर्ड म्हणजे सर्फिंगची बालवाडी, थोडा तोल सांभाळता आला की सोडा आणि छोट्या बोर्डावर जा, असं छापलंय. यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी मूळ मालवणचा, बरीच वर्षं झाली सॅन दिएगोच्या उत्तरेला ओशनसाइडला राहतो आणि लाँगबोर्डच चालवतो, त्यामुळे पत्र जरा लांबणार आहे. कापायचं तर कापा, पण फिनचा, म्हणजे बोर्डाखालच्या पात्याचा, भाग तेवढा ठेवा.

आधी एक घोळ मिटवू. क्लासवाले किनाऱ्यावर जो मऊ फोमचा लांबलचक बोर्ड हातात देतात तो शिकाऊ बोर्ड, डोक्यावर आदळला तरी खोक पडू नये म्हणून मऊ, खाली बहुतेक वेळा तीन छोटे फिन. तो सोडून पुढे जा म्हणालात तर माझी काही तक्रार नाही. ट्रॅडिशनल लाँगबोर्ड, इथली मंडळी ज्याला लॉग म्हणतात, ती चीज वेगळी. लांबी ९ फुटांच्या वर, रुंदी २२-२३ इंच, जाडी ३ इंचांच्या आसपास, फोमवर फायबरग्लासचे जाड थर, मधोमध लाकडाची पट्टी, खाली एकच मोठा फिन, आणि वजन ८-९ किलो सहज. लोक यावर चाळीस चाळीस वर्षं काढतात आणि तरी शिकणं संपत नाही.

तुमच्या लेखातलं ते ट्रेसल्स आणि आमचं सॅन ओनोफ्रे एकाच स्टेट पार्कात येतात. ऑलिंपिकवाले जिथे छोट्या बोर्डांवरून हवेत उड्या मारणार तिथून किनाऱ्याने दक्षिणेला चालत निघालं की थोड्या वेळात एक जागा लागते, तिचं नावच ओल्ड मॅन्स. लाट तिथे घाईत नसते, लांबून उठते, मऊ फुटते. सकाळी तिथे एक बाई येतात, सत्तरी केव्हाच ओलांडलेली. त्यांचं बघत राहावं. दोन-तीन हात मारले की लाट मिळाली, कारण लांब बोर्ड लाट उभी राहायच्या आधीच तिचा वेग पकडतो. उठतात, एक पाऊल मागे शेपटीकडे, बोर्ड गर्रकन वळतो. मग चक्क ब्रेक लावल्यासारखं थांबतात, फुटणारी लाट मागून जवळ येऊ देतात, आणि ती आली की पायावर पाय टाकत पुढे चालत जातात, गुडघे सैल, हात खाली, नजर लाटेच्या पुढच्या टोकाकडे. पायाची बोटं नोजच्या, म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकाच्या, कडेवर. शिंतोडा उडत नाही. तिथे जाऊन याला बालवाडी म्हणून दाखवा.

आता हे होतं कसं? नऊ फुटी फळीच्या अगदी टोकाला माणूस जाऊन उभा राहिला तर नोज पाण्यात घुसून माणूस आपटायला पाहिजे ना? नाही आपटत, कारण त्याच वेळी फुटणाऱ्या लाटेचं पाणी शेपटीवरून वाहत असतं आणि शेपटी दाबून धरतं. आणि दुसरं म्हणजे रेल, म्हणजे बोर्डाच्या कडा. घरात एक प्रयोग करा, नळाची धार बारीक सोडा आणि चमच्याची फुगीर बाजू धारेला हलकेच टेकवा. चमचा बाहेर ढकलला जाईल असं वाटतं, पण तो उलट धारेकडे ओढला जातो. लॉगच्या कडा गोल असतात, वरून खालून सारख्या, त्यावरून पाणी असंच वळसा घालून वर चढतं आणि बोर्डाला लाटेच्या भिंतीत धरून ठेवतं. छोट्या किंवा आधुनिक बोर्डाची मागची कड खाली धारदार असते, तिथे पाणी सुटून जातं, म्हणून तो वेगात पळतो आणि झटकन वळतो, पण नोजवर गेलात की शेपटी उचलली गेलीच म्हणून समजा.

म्हणून बोर्ड घेताना लोक नोजच्या खालची पोकळी तेवढी बघतात ते मला पटत नाही. पोकळीने थोडं उचललं जातं हे खरं, पण खरं काम शेपटी करते, तिथे थोडा वर उचललेला बाक हवा, रुंदी हवी आणि कडा मऊ हव्यात. ज्यांना नोजवर जमत नाही ते पायांना दोष देत बसतात आणि पायाखाली असतो ५-६ किलोचा हलका, धारदार कडांचा, तीन फिनचा लाँगबोर्ड! तो वाईट नसतो हो, पण तो वेगळ्या कामासाठी बनलाय, त्यावर हे नीट जमणारच नाही.

फिनबद्दल. एकच फिन, ९ ते साडेदहा इंच. सरळ उभा आणि रुंद फिन असेल तर बोर्ड एका बिंदूभोवती फिरतो आणि नोजवर असताना शेपटी घट्ट धरतो, मागे झुकलेला असेल तर वळण लांब, गुळगुळीत येतं. बोर्डाखालच्या ज्या खाचेत फिन बसतो तिच्यात तो पुढे सरकवला की बोर्ड मोकळा होतो, मागे सरकवला की ठाम होतो. एका स्क्रूचं काम आहे, पण वर्षानुवर्षं दुकानदाराने बसवलेल्या जागीच फिन ठेवणारे लोक मी बघितलेत. अर्धा इंच हलवून बघा, खर्च शून्य.

हे आकार काही कुणी कागदावर गणित मांडून काढलेले नाहीत. १९४७ साली जो क्विग नावाच्या शेपरने, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्याने, एका मुलीसाठी बाल्सा लाकडाचा हलका बोर्ड बनवला, उचलायला सोपा म्हणून, आणि कॅलिफोर्नियातल्या मालिबू किनाऱ्यावरची पोरं तोच मागून मागून न्यायला लागली कारण तो त्यांच्या जड फळ्यांपेक्षा छान वळायचा. १९५५ च्या सुमारास डेल व्हेल्झी या दुसऱ्या शेपरने सगळ्यात रुंद भाग मध्यापासून मागे नेला, त्या आकाराला पिग म्हणतात, आजही बनतो. १९५८ मध्ये होबी ऑल्टर आणि ग्रबी क्लार्क यांनी फोमचे बोर्ड बाजारात आणले आणि लाकूड मागे पडलं. ओशनसाइडला कॅलिफोर्निया सर्फ म्युझियम आहे, तिथे जुने बोर्ड जवळून बघायला मिळतात, इकडे मुलाकडे-मुलीकडे येणाऱ्या आईवडलांनी मॉलऐवजी तिथे एक चक्कर मारावी.

मग १९६५ ला टॉम मोरीने (ज्याने पुढे पोटावर झोपून चालवायचा बूगी बोर्ड काढला तोच) व्हेंच्युराला फक्त नोजरायडिंगची स्पर्धा भरवली, नोजचा भाग रंगवलेला आणि त्यावर किती सेकंद उभं राहिलात ते घड्याळ लावून मोजायचं. आणि पुढच्याच वर्षी सॅन दिएगोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने पातळ बोर्डावर जोरकस वळणं घेत बाजी मारली, नोजवर ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता तो डेव्हिड नुउहिवा मागे राहिला. वर्ष-दोन वर्षांत सगळ्यांनी बोर्ड कापून छोटे केले. पुढे लाँगबोर्ड परत आला तेव्हाही स्पर्धांत तो छोट्या बोर्डाची नक्कल करत होता. तरी अमेरिकेचा जोएल ट्युडर जुन्या वळणाने सर्फ करत राहिला, १९९८ आणि २००४ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि २०१९ च्या सुमारास वर्ल्ड सर्फ लीगने लाँगबोर्डचे निकषच ट्रॅडिशनल पद्धतीकडे वळवले. जगातली सगळ्यात मोठी लीग ज्याला वेगळी कला म्हणून मार्क देते त्याला आपण पहिली पायरी म्हणून मोकळे होतो.

शिकणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की चालायची घाई करू नका. आधी ट्रिम जमवा, म्हणजे बोर्ड लाटेच्या भिंतीवर वरच्या भागात आपला आपण पळतोय आणि तुम्हाला काही करावं लागत नाही ती अवस्था. ती आली की मगच पाऊल टाका, मागचा पाय पुढच्याच्या वरून, सरपटत नाही, कारण सरपटलं की बोर्डाचा तोल बिघडतो. आणि उताराचा भाग संपायच्या आधी मागे या, उलट्या पावलांनी. पुढे जाणं सगळे शिकतात, परत येणं कुणी शिकत नाही, आणि निम्मे लोक तिथेच पडतात. घरी फरशीच्या रेघेवर सराव करा, बायको हसेल, हसू द्या.

आपल्याकडचं बोलायचं तर गोव्यात आश्वे-मांद्रेला पावसाळा सोडून लाट लहान आणि मऊ असते, छोटा बोर्ड तिथे बुडतोच, लाँगबोर्ड मात्र मजेत चालतो. पण ती किनाऱ्यावर फुटणारी लाट, पटकन संपते, नोजवर जायला वेळ कमी, म्हणून तिथे ट्रिम आणि वळणं पक्की करा आणि लांब लाट हवी असेल तर चेन्नईजवळ कोवलमला जा, तिथली किनाऱ्याच्या टोकाला धरून फुटणारी लाट उजवीकडे पळते. आणि पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात बोर्ड घेऊन पाण्यात उतरू नका, कुणी कितीही चढवलं तरी. एक शिस्तीची गोष्टही चौकटीत यायला हवी होती, लाँगबोर्डवाल्याला प्रत्येक लाट सगळ्यांच्या आधी मिळते म्हणून प्रत्येक लाट त्याने घ्यायची नसते, आणि समोरून फेस आला की बोर्ड सोडून खाली डुबकी मारायची नाही, मागे कुणीतरी असतं. बोर्ड घट्ट धरून त्याच्यासकट उलटं व्हा, फेस वरून गेला की परत सरळ.

जाता जाता, लेखासोबत छापलेल्या फोटोतल्या माणसाच्या हातात वल्हं आहे. ते स्टँडअप पॅडल. छान खेळ आहे, पण लेख त्याच्यावर नव्हता. पुढच्या वेळी फोटो लागला तर कळवा, सॅन ओनोफ्रेचे पाठवतो.

आपला,
एक मालवणी वाचक
ओशनसाइड, कॅलिफोर्निया