बेस गिटार दुरुस्त करून देणाऱ्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, वर चहाही तुम्हीच पाजलात. निदान आभार तरी चारचौघांत मानू द्या. नाव-पत्ता देत नाही, कारण तुम्ही तसं बजावलंय. ग्रँट रोडच्या बाजूला राहणारे, एके काळी ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारे एक काका, एवढंच लिहिते.

जाहीर लिहिण्याचं कारण आहे. मुंबईत माझ्यासारखी 30 इंची, म्हणजे शॉर्ट स्केल बेस गिटार बाळगणारे बरेच जण भेटतात आणि त्यांतल्या अनेकांना कुणी ना कुणी एकच वाक्य ऐकवलेलं असतं: "छोटी आहे ना, मग अशीच वाजणार." मलाही एका दुकानात तेच ऐकवलं आणि लगोलग मोठी घ्यायचा सल्ला दिला. तुम्ही ते वाक्य एकदाही उच्चारलं नाहीत. सगळ्यात आधी आभार त्याचे.

छोटी मी विचार करूनच घेतली होती. नेहमीच्या बेसवर तारेची वाजणारी लांबी 34 इंच, माझ्या गिटारवर 30. ऐकायला फरक चारच इंचांचा. पण नटपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) चौथ्या पडद्यापर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे) बोटं पसरायची तर दोन सेंटिमीटर वाचतात, आणि त्या दोन सेंटिमीटरची किंमत करंगळीला विचारावी. तुम्ही गिटार मांडीवर घेतलीत आणि म्हणालात, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली ती व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस याच मापाची, आणि फेंडर कंपनीने 1966 मध्ये काढलेली मस्टँग बेससुद्धा. मग मी या गिटारबद्दल कुणापुढे ओशाळून बोलायचं कशाला?

मी तक्रारी एका दमात सांगितल्या. जाड तार फडफडते, बाराव्या पडद्याच्या आसपास सूर चढा लागतो, अँपला जोडलेली वायर हलली की खरखर, आणि मागे सतत गुरगुर. तुम्ही म्हणालात, "ही एक तक्रार नाही, चार आहेत. एकेक घेऊ." काका, मला खरं शिक्षण त्या वाक्याने मिळालं. तोवर ज्यांना ज्यांना गिटार दाखवली, त्यांनी चारही दुखणी एकाच गाठोड्यात बांधून गिटारच्या लहानपणावर टाकली होती.

तारांपासून सुरुवात केलीत. तारांची नावं तुमच्या तोंडी ई, ए, डी, जी अशी नाहीतच; पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. पांढरी तीनच्या खुंटीवर बोट ठेवून दाखवलंत: तारेचा पूर्ण जाड भाग खुंटीभोवती वळवलेला, नीट बसलेलाच नाही. आधीच्या मालकाने लाँग स्केलच्या, म्हणजे 34 इंची बेसच्या तारा चढवल्या होत्या. त्यांची निमुळती, रेशीम गुंडाळलेली बाजू खुंटीच्याही पुढे जात होती, ती कापून टाकलेली. मग पट्टी काढलीत. तार खालच्या टोकाला जिथे अडकते तिथून नटपर्यंतचं अंतर मोजायचं आणि खुंटीपर्यंतचंही. तारेचं रेशीम या दोन्हींच्या मधे सुरू व्हायला हवं. नवा संच घेताना पाकिटावरच्या आकड्याआधी मी आता हे माप बघते.

फडफडीचं दुसरं कारण तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेवर गणित मांडून सांगितलंत. तीच तार, तोच सूर, पण लांबी 34 वरून 30 वर आली की ताण सुमारे 22 टक्क्यांनी उतरतो, कारण ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. तार ढिली, म्हणून तिचा झोका मोठा, म्हणून ती पडद्यांवर आपटते. शिवाय ढिली तार बोटाने जोरात दाबली की सूर लगेच चढतो. म्हणून शॉर्ट स्केलच्याच, पण किंचित जाड फ्लॅटवाउंड (वरची गुंडाळी सपाट असलेल्या) तारा, आणि डाव्या हाताचा दाब हलका. तार कापण्याआधी ती काटकोनात वाकवायची, नाहीतर आतली गुंडाळी सैल होते, हे तुम्ही पक्कड हातात देऊन माझ्याकडून करवून घेतलंत.

मग मान. पहिला आणि शेवटचा पडदा एकदम दाबून सातव्या पडद्यापाशी तारेखालची फट बघितलीत. साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी हवी, ती बरीच जास्त होती. मानेचा बाक सावरणारी आतली सळई पाव फेरा आवळलीत आणि पाना बाजूला ठेवलात. "आता उद्या. लाकडाला बसायला वेळ दे." मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दिवाळीनंतर पुन्हा सुकतं, म्हणून वर्षातून दोनदा ही फट बघायची, हेही सांगितलंत. तारा, मग मान, मग तारांची उंची, आणि सुराचं काम सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

दुसऱ्या दिवशीचं सुराचं काम तर बघत राहावं असं होतं. माझ्या गिटारला चार तारांत मिळून दोनच घोड्या (खालच्या टोकाला तारा टेकतात ते सरकते तुकडे). फेंडरच्या 1951 च्या पहिल्या प्रिसिजन बेसलाही दोनच होत्या म्हणे. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा सूर आणि तीच दाबून निघणारा सूर जुळला पाहिजे; दाबलेला चढा असेल तर घोडी मागे, उतरा असेल तर पुढे. पण एका घोडीवर दोन तारा असल्यावर एकीचं जुळवलं की दुसरीचं बिघडणार. तुम्ही घोडी जरा तिरकी केलीत, स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत राहिलात, ट्यूनरपेक्षा कानावर जास्त विसंबलात, आणि उरलेली चूक दोन्ही तारांत अशी वाटून दिलीत की आता कानाला ती जाणवत नाही.

विजेच्या कामाला मात्र तुम्ही आधी हातच लावला नाहीत. भिंतीतलं सॉकेट टेस्टरने तपासलंत, अर्थिंग आहे याची खात्री केलीत, तेव्हा कुठे अँप लावू दिलात. आमच्या तालमीच्या जुन्या खोलीत तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थची वायरच नाही हे त्यानंतर आम्हाला कळलं. तिथे आम्ही माईकला तोंड आणि तारांना हात लावून उभ्या राहायचो. आता तिथलं काम करून घेतलंय, आणि त्याबद्दल आमच्या पूर्ण ग्रुपतर्फे तुमचे आभार.

पुढचं भराभर झालं. वायर बदलून पाहिलीत, खरखर तशीच. म्हणजे दोष गिटारमध्ये. जॅकचा नट ढिला होता, जॅक आतल्या आत फिरून अर्थचा सांधा उखडायला आला होता. "ड्राय सोल्डर," म्हणालात आणि जुनं कथील काढून नवा टाका मारलात. व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये लॅमिंग्टन रोडवरून आणलेला क्लीनर मारून तो खूप वेळ गोल फिरवायला लावलात. गुरगुरीसाठी मला तारांना हात लावायला सांगितलंत. ती कमी झाली, तशी अर्थची वायर घोडीपर्यंत शाबूत असल्याचं तुम्ही ओळखलंत. आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी चिकटवली आणि काम भागलं. थोडी गुरगुर सिंगल कॉइल पिकअपची (तारेचं कंपन टिपणारं, तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं असलेलं चुंबक) राहणारच, हेही स्पष्ट सांगितलंत. आपली वीज 50 हर्ट्झची, गुरगुरीत तिची दुप्पट 100 ही असते, आणि माझी मोकळी पांढरी पाच 98 ची, म्हणजे अगदी जवळची. म्हणून तीच तार लांबवली की सूर हेलकावतो. हे कुठल्याही दुकानात मला कुणी सांगितलं नसतं.

आमच्या ग्रुपमधल्या एकीने तशीच गिटार घेतलीय. रविवारी तिच्या तारा मोजायला बसतोय, तुमच्याच क्रमाने. सळईला मात्र तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

गणपतीत आमच्या चाळीत गाण्यांचा कार्यक्रम आहे. काकूंना घेऊन नक्की या, आणि जाड तार कुठे फडफडली तर तिथल्या तिथे सांगा.

काकूंना नमस्कार.

आपली,
30 इंची बेसवाली