पदवी विद्यापीठाची, परवाना राज्याचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेलेल्या अनेक मराठी शिक्षिका तिथे पुन्हा फळ्यासमोर उभे राहण्याची वाट शोधत असतात. गाठीला बी.एड. असते, अनुभव असतो आणि घराजवळच्या एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठाच्या एम.ए.टी. म्हणजे मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंग या वर्ष-दीड वर्षाच्या अभ्यासक्रमाची माहिती हाती पडलेली असते. मग तेच तीन प्रश्न येतात. ही पदवी घेतली की लगेच शिकवता येते का? ख्रिस्ती विद्यापीठातून शिकलेले सरकारी शाळेत चालते का? आणि आपण ख्रिस्ती नाही, तर प्रवेश मिळतो का? शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारे आम्ही काही जण याची नेमकी उत्तरे आपल्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो, कारण अर्धवट माहितीवर भरलेली फी परत मिळत नाही.

अमेरिकेत शिकवण्याचा परवाना विद्यापीठ देत नाही आणि केंद्र सरकारही देत नाही. तो राज्य देते. कॅलिफोर्नियात कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंग, ओरेगनमध्ये टीचर स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस कमिशन, टेक्सासमध्ये स्टेट बोर्ड फॉर एज्युकेटर सर्टिफिकेशन; नावे वेगळी, नियमही वेगळे. काही राज्यांत त्याला लायसन्स म्हणतात, कुठे सर्टिफिकेट, कॅलिफोर्नियात क्रेडेन्शियल. विद्यापीठाचे काम शिफारशीचे: हा उमेदवार राज्याने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडला आहे, असे ते राज्याला कळवते. ख्रिस्ती विद्यापीठाचेही तसेच. कॅलिफोर्नियातले बायोला किंवा अझुसा पॅसिफिक घ्या, ओरेगनमधले जॉर्ज फॉक्स घ्या. त्यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाला मान्यता देणारी यंत्रणा तीच, जी त्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांना देते. म्हणून परवाना हाती आल्यावर त्याचे वजन सरकारी शाळेत तसूभरही कमी नसते.

सगळ्यात मोठा खड्डा इथून पुढे आहे. शिक्षणशास्त्रातली प्रत्येक मास्टर्स पदवी परवान्याकडे नेत नाही. अनेक विद्यापीठे एम.एड. दोन प्रकारांनी चालवतात. एक आधीच परवाना असलेल्या शिक्षकांसाठी, त्यात सराव पाठ नसतात. दुसरा नव्याने परवाना घेणाऱ्यांसाठी. नाव तेच, फी जवळपास तीच, वर्गही काही एकच. चुकीच्या प्रकारात नाव घातले तर शेवटी पदवी मिळते, पण विद्यापीठ शिफारस करू शकत नाही, कारण स्टुडंट टीचिंग, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, झालेलेच नसते. म्हणून माहितीपत्रकात ‘इनिशियल लायसन्सर’ हे दोन शब्द आहेत का आणि त्यापुढे कोणते राज्य, कोणती इयत्ता, कोणता विषय लिहिला आहे, ते आधी पाहावे. सीएईपी ही 2013 मध्ये दोन जुन्या संस्थांच्या एकत्रीकरणातून उभी राहिलेली मान्यता-संस्था आहे. तिचा शिक्का असणे चांगलेच, पण परवान्यासाठी राज्याची मान्यता मोजली जाते.

ऑनलाइन अभ्यासक्रमात ही काळजी दुप्पट घ्यावी. विद्यापीठ व्हर्जिनियात आणि आपण टेक्सासमध्ये, अशी परिस्थिती सर्रास असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संघराज्याच्या नियमानुसार, सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी ज्या राज्यात आहे तिथल्या परवान्याच्या शैक्षणिक अटी आपला अभ्यासक्रम पुऱ्या करतो याची खात्री करायची असते. तरीही हे उत्तर ईमेलने, लेखी मागून ठेवावे. फोनवरचा प्रवेश-सल्लागार पुढच्या सत्रात बदललेला असतो. दुसऱ्या राज्यात बदली झाली तर परवाना आपोआप चालेल, हा समजही तितकाच घातक. राज्याराज्यांत करार आहेत, 2023 मध्ये काही राज्यांचा शिक्षक-स्थलांतर करारही अमलात आला, पण नवे राज्य स्वतःची परीक्षा किंवा एखादा जादा विषय मागू शकते.

आता कागदपत्रे. भारतातल्या पदवीचे मूल्यांकन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावे लागते आणि ते विषयवार हवे. नुसते ‘ही पदवी बॅचलर्सच्या बरोबरीची’ असे एका ओळीचे प्रमाणपत्र आणले तर ते इथे निरुपयोगी ठरते, कारण गणिताची शिक्षिका व्हायचे तर गणिताची किती क्रेडिट्स झाली ते राज्याला दिसले पाहिजे. बरीच राज्ये नेसेस या संघटनेच्या सदस्य-संस्था मान्य करतात, कॅलिफोर्नियाची यादी स्वतःची आहे. पैसे भरण्यापूर्वी आपल्या राज्याची यादी उघडावी. तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.एस्सी. सगळ्या संस्था सारखी मोजत नाहीत, तिच्याबरोबर बी.एड.च्या गुणपत्रिकाही मूल्यांकनाला द्याव्यात, पुष्कळदा त्यामुळे निकाल बदलतो. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व गुणांचा अधिकृत उतारा, सहसा भारतातल्या विद्यापीठाकडून मूल्यांकन-संस्थेकडे थेट किंवा शिक्कामोर्तब पाकिटातून जायला हवी, आपण उघडलेले पाकीट चालत नाही. आणि लग्नानंतरचे नाव. गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव, पासपोर्टवर सासरचे, परीक्षेच्या नोंदणीत मधले नाव गाळलेले: अशा तीन नोंदी राज्याच्या संगणकात तीन वेगळ्या व्यक्ती ठरतात. सुरुवातीलाच एक नाव ठरवून परीक्षा, बोटांचे ठसे आणि विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी तेच अक्षर न् अक्षर लिहावे आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याची इंग्रजी प्रत जवळ ठेवावी.

ओरिएंटेशनच्या दिवशी विद्यापीठ एक वेळापत्रक हातात देते, त्यातला क्रम हलवता येत नाही. विषयज्ञानाचा पुरावा, पार्श्वभूमीची तपासणी, निरीक्षणाचे तास, मग स्टुडंट टीचिंग. पुष्कळ राज्यांत विषयज्ञानासाठी प्रॅक्सिस परीक्षा आहे. पेपर एकच, पण उत्तीर्णतेची रेषा प्रत्येक राज्याची वेगळी, म्हणून एका राज्यात पास झालेला गुण शेजारच्या राज्यात नापास असू शकतो. तोच पेपर पुन्हा द्यायचा तर 28 दिवस थांबावे लागते. कॅलिफोर्नियात 2021 पासून पदवीच्या अभ्यासक्रमातूनही विषयज्ञान सिद्ध करता येते, पण त्यासाठी तेच विषयवार मूल्यांकन लागते. परीक्षा ‘नंतर बघू’ म्हणून ढकलली आणि सत्र सुरू होण्याआधी निकाल आला नाही, तर सराव शाळा मिळत नाही आणि अख्खे सत्र वाया जाते. स्टुडंट व्हिसावर असलेल्यांना हे फारच महागात पडते.

पार्श्वभूमीच्या तपासणीसाठी द्यायच्या बोटांच्या ठशांचे एक सांगतो, कारण ते क्षुल्लक वाटते आणि तिथेच गाडी अडते. ठसे कोणासाठी घेतले हे फॉर्मवरच्या कोडवरून ठरते. काही राज्यांत शाळेने नोकरीसाठी घेतलेले ठसे परवान्याला चालत नाहीत आणि परवान्याचे शाळेला. कॅलिफोर्नियात लाइव्ह स्कॅनला, म्हणजे यंत्रावर ठसे द्यायला, जाताना परवाना देणाऱ्या कमिशनचाच 41-एलएस हा फॉर्म न्यावा लागतो. सतत पाण्यात काम करून किंवा वारंवार सॅनिटायझर लावून बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि ठसे परत येतात. जाण्याआधी काही दिवस हातांना क्रीम लावावे, ऐन वेळी मात्र हात कोरडे असावेत. दोनदा नाकारले गेले तर नावावरून तपासणीची सोय आहे, पण ती मागावी लागते आणि तिला वेळ लागतो.

स्टुडंट टीचिंग म्हणजे आपल्या बी.एड.मधले मोजके सराव पाठ नव्हेत. कॅलिफोर्नियात किमान 600 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. उमेदवार शाळेच्या घंटेप्रमाणे येतो आणि जातो, हळूहळू सगळे तास हाती घेतो. वर्गातली मेंटॉर शिक्षिका रोज बघते, विद्यापीठाचा सुपरवायझर ठरावीक वेळा येऊन निरीक्षण लिहितो. या काळात पगार बहुधा नसतो, उलट त्या क्रेडिट्सची फी भरायची असते. दुसरी नोकरी सांभाळून हे होत नाही. घरात लहान मूल असेल तर पाळणाघराचा खर्च फीच्या बरोबरीने मांडावा.

काही राज्यांत याच काळात कामगिरीवर आधारित परीक्षा असते. ईडीटीपीएमध्ये तीन ते पाच सलग पाठांचे टाचण, शिकवतानाचे चित्रण आणि मुलांच्या कामाचे मूल्यमापन सादर करायचे असते. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांनी 2022 मध्ये तिची सक्ती काढली. कॅलिफोर्नियाची कॅलटीपीए वेगळी. दोन्हींत चित्रफीत कापून जोडलेली चालत नाही. ती फसते ती आवाजामुळे. कॅमेरा वर्गाच्या मागे, शिक्षिकेचा आवाज खणखणीत आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी अपूर्णांक आपल्या भाषेत समजावून सांगते आहे, ते मात्र ऐकूच येत नाही. परीक्षकाला तर तेवढेच हवे असते, मूल काय विचार करते ते. म्हणून माइक मुलांच्या टेबलावर ठेवावा आणि आदल्या दिवशी त्याच खोलीत, मुले असताना, पंखा-एसी चालू ठेवून दोन मिनिटांची चाचणी घ्यावी. पालकांची लेखी संमती आधी लागते. संमती नसलेल्या मुलाला वर्गाबाहेर काढायचे नसते, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसवायचे असते.

आता ‘ख्रिस्ती’ या शब्दाबद्दल. काही विद्यापीठे प्रवेश घेणाऱ्याकडून श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतात. काही श्रद्धा विचारत नाहीत, पण दारू, शरीरसंबंध अशा बाबतींतले वर्तनाचे नियम पाळण्याची हमी घेतात. काही फक्त आपली भूमिका सांगून थांबतात. एकाच विद्यापीठात पदवी आणि पदव्युत्तर विभागांचे नियम निराळे असू शकतात, म्हणून आपल्या अभ्यासक्रमाचाच कागद मागून वाचावा. मनाला पटत नसेल तर सही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तशी सही न मागणारी चांगली ख्रिस्ती विद्यापीठे आहेत. श्रद्धा आणि शिक्षण यांची सांगड घालणारा एखादा विषय मात्र बहुतेक ठिकाणी असतो. तो वेगळ्या श्रद्धेच्या विद्यार्थ्यालाही विचार करायला लावतो, वेळ वाया गेला असे वाटत नाही.

काही विद्यापीठांच्या पाठ टाचणात ‘श्रद्धेशी सांगड’ असा एक रकाना असतो. विद्यापीठात तो भरावा. सरकारी शाळेत न्यायच्या टाचणात तो नसावा. सरकारी शाळेतली शिक्षिका वर्गासमोर राज्याची प्रतिनिधी असते. शाळेने म्हणून घेतलेली प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये आणि शाळेने म्हणून घेतलेले बायबल-वाचन 1963 मध्ये घटनाबाह्य ठरवले. 2022 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा सामन्यानंतर स्वतःपुरती प्रार्थना करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. पण त्यातून मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेण्याची मुभा मिळत नाही. इतिहासाच्या तासाला धर्मांविषयी शिकवायला हरकत नाही. चांगली ख्रिस्ती विद्यापीठे ही रेषा पहिल्याच सत्रात आखून देतात, हे आम्ही कौतुकाने नोंदवतो.

हा प्रश्न शेजारच्या कॅनडात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ब्रिटिश कोलंबियातल्या ट्रिनिटी वेस्टर्न या ख्रिस्ती विद्यापीठाच्या समलैंगिक वर्तनाविषयीच्या नियमांमुळे तिथल्या शिक्षक-नियामक संस्थेने त्याच्या शिक्षक-प्रशिक्षणाला पूर्ण मान्यता नाकारली. 2001 मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक असा विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला. तिथून बाहेर पडलेले शिक्षक सरकारी वर्गात भेदभाव करतात, असा पुरावा समोर आला नव्हता. श्रद्धा बाळगणे वेगळे आणि त्यानुसार वर्गात वागणे वेगळे, हा फरक त्या निकालाने अधोरेखित केला.

खासगी ख्रिस्ती शाळांचे गणित आणखी निराळे. अनेक राज्यांत त्यांना परवानाधारक शिक्षक घेण्याची सक्ती नाही. एसीएसआय ही ख्रिस्ती शाळांची संघटना स्वतःचे प्रमाणपत्र देते, त्यासाठी बायबलचा अभ्यास लागतो. ते प्रमाणपत्र राज्याचा परवाना नव्हे. एकाच अर्जात दोन्ही उरकतील असे समजू नये.

पैशांबद्दल थोडक्यात. टीच ग्रँट हे होणाऱ्या शिक्षकांसाठीचे केंद्र सरकारचे अनुदान वर्षाला 4,000 डॉलरपर्यंत देते, पण फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांसारख्यांना. अट अशी, की आठ वर्षांच्या आत चार वर्षे गरजेच्या विषयात, कमी उत्पन्न गटातल्या मुलांच्या शाळेत शिकवावे. ती मोडली, तर मिळालेल्या तारखेपासूनच्या व्याजासह ते अनुदान कर्ज बनते. एच-4, म्हणजे एच-1बी सारख्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर शिकता येते, पण कामाची परवानगी नसताना पगारी इंटर्नशिप घेता येत नाही. आणि शिकवण्याचा परवाना म्हणजे कामाची परवानगी नव्हे.

आपल्याला एक विनंती. परदेशी अभ्यासक्रमांची माहिती किंवा जाहिरात आपल्या पानांवर छापताना, शिक्षणशास्त्राच्या पदवीपुढे ती कोणत्या राज्याच्या प्रारंभिक परवान्यासाठी मान्य आहे की नाही, एवढी एक ओळ संबंधितांकडून मागून घ्यावी. ज्या विद्यापीठाकडे अशी मान्यता असते, ते ती ओळ विनातक्रार देते.

आपले विश्वासू,
अमेरिकेतील शिक्षक-प्रशिक्षण क्षेत्रातले काही मराठी वाचक