कास पठारावरच्या गाईड मामांना, कोथरूडहून

मामा, सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी आमच्या सोसायटीची टेम्पो ट्रॅव्हलर भरून आली होती, त्यातली मी एक. माझं नाव सांगून तुम्हाला काही आठवायचं नाही. पण तिकीट खिडकीपासून ज्यांनी ‘फुलं कुठायत? व्हॉट्सअ‍ॅपवर तर नुसता गालिचा दाखवतात’ असं लावून धरलं होतं, ते काका नक्की आठवतील. ते आमचेच.

तसं त्यांचंही फार चुकत नव्हतं. अंधारात निघायचं, खंबाटकीत रखडायचं आणि वर येऊन बघावं तर दहा हातांवरचं माणूस दिसेना एवढं धुकं. दुसरा कुणी ‘निसर्गापुढं काय चालतंय’ म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही म्हणालात, “हे उभ्यानं बघायचं न्हाई. बसा खाली.” आणि पुण्याची माणसं तक्रार न करता ओल्या कातळावर उकिडवी बसली! गालिचा बघायचा राहिला तो बराच झाला, असं मला आता वाटतं.

दवबिंदू नावाचं ते रोपटं माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. बोटाच्या पेराएवढं रोप, लालसर पानं, पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं एक चिलट. त्याचे पाय अजून हलत होते. जांभ्यावर माती जेमतेम, त्यातला नायट्रोजन पाऊस धुऊन नेणार, मग रोपानं जगायचं कशावर? “म्हणून हे मटण खातंय,” तुम्ही म्हणालात, आणि काका पहिल्यांदा हसले. शेजारची सीतेची आसवं दिसायला किती सोज्वळ! पण तीही त्यातलीच. जमिनीखालच्या तंतूंवर बारीक पिशव्या, आणि जवळून जाणारा पाण्यातला जीव गट्ट.

मग ते डबकं. आम्ही ते ओलांडूनच पुढे गेलो असतो. त्यात तुम्ही वायतुरा दाखवलात: एका दांड्यावर दोन फिकट गुलाबी-जांभळे तुरे. उन्हाळ्यात डबकं आटतं, कंद मातीत तग धरतो आणि पावसाळ्यात पुन्हा वर येतो. घरी येऊन शोधलं, तर त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोगेटॉन सातारेन्सिस. सह्याद्रीच्या या भागातल्या मोजक्या सड्यांपलीकडे, म्हणजे कातळी पठारांपलीकडे, तो जगात कुठे नाही. 2012 साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं हे आम्हाला पाठ होतं, पण कशामुळे, ते त्या डबक्याशी कळलं.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेत. रीलसाठी फुलांत आडव्या झालेल्या त्या जोडप्याला तुम्ही शिव्या घातल्या नाहीत. एक शिट्टी, आणि मग जवळ जाऊन हळू आवाजात, “ताई, पुढच्या सालचं बी तुमच्या पाठीखाली हाय.” मी असते तर आवाज चढला असता. दिवसभर भिजत, शेकडो लोकांना तेच तेच सांगत राहणं सोपं नाही. कास, एकीव, आटाळी, कासाणीची तुम्ही माणसं समितीतून हे सांभाळता, आणि आम्ही तिकिटाच्या पैशांवरून घासाघीस करतो.

इकडची खबर म्हणजे, काका आता वेताळ टेकडीवर फिरायला जाताना खिशात भिंग ठेवतात. परवा नीलवंतीच्या फुलापाशी बसून त्यांनी अख्ख्या ग्रुपचा खोळंबा केला. ग्रुप वैतागलाय. त्याचा हिशेब मी तुमच्याच खात्यावर मांडलाय.

पुढच्या वेळी मधल्या वारी येऊ, पाच-सहा जणच. आणि हो, पालथ्या टोपल्यांसारखी ती कारवीची झुडपं दाखवून ‘सात वर्षांनी या’ म्हणालात ना? फुलली की मिस्ड कॉल द्या. स्वारगेटहून मिळेल ती एसटी धरते.

तुमची,
कोथरूडची एक ताई