कुत्र्यांच्या मोतीबिंदूचा पूर्ण खर्च आधीच लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माणसाचा मोतीबिंदू नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांत सरकारी योजनेत निघतो, १९७६ पासून त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, पण घरच्या कुत्र्याला मोतीबिंदू झाला की सगळा पैसा आपल्याच खिशातून. खर्च होतो याबद्दल माझी तक्रार नाहीच. तो तुकड्यातुकड्याने कळतो, याचा त्रास होतो. आमच्या लॅब्राडोरसाठी एका ठिकाणी विचारलं तर आधी फक्त ऑपरेशनचा आकडा सांगितला, मग तपासण्या वेगळ्या, भूल वेगळी, लेन्स वेगळी, औषधं वेगळी, असं करत करत आकडा कुठल्या कुठे गेला ना.

ऑपरेशन महाग का, हे समजून घेतलं तर पटतं. मशीन माणसाच्या फेकोचंच, म्हणजे मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून काढायचं, पण कुत्रा शांत पडून राहत नाही म्हणून पूर्ण भूल द्यावी लागते आणि त्याआधी रक्त, हृदय सगळं तपासावं लागतं. लेन्सही वेगळी, साधारण ४१ पॉवरची, माणसाच्या जवळपास दुप्पट. आणि सगळ्यात महत्त्वाची ती ईआरजी, म्हणजे रेटिनाचे (डोळ्याच्या आतल्या पडद्याचे) विद्युत संकेत मोजायची तपासणी. मोतीबिंदूमागे रेटिना जिवंत आहे की नाही ते तिच्यातून कळतं, रेटिनाच गेला असेल तर कितीही पैसे लावा, दिसणार नाही. म्हणून कोणी ईआरजी आणि सोनोग्राफी न करताच ऑपरेशनची तारीख देत असेल तर तिथेच थांबा.

खर्च कमी करायचे खरे मार्गही आहेत, ते कोणी स्वतःहून सांगत नाही. एकाच डोळ्याचं केलं तरी कुत्रा घरात, अंगणात व्यवस्थित फिरतो. काही कारणाने लेन्स बसवली नाही तरी धूसर का होईना पण दिसतं. आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर झाक आली म्हणजे मोतीबिंदूच असं नाही, वयानेही तसं होतं आणि त्याला ऑपरेशन लागतच नाही. मोतीबिंदू विरघळवणारे म्हणून जे ड्रॉप्स विकून राहिले त्यात मात्र पैसे घालू नका, त्यांनी तो जात नाही. उशीर केला तर आत सूज येते, काचबिंदू होतो, मग दुखणं आणि खर्च दोन्ही वाढतात. डायबिटीस असलेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो, कधी कधी तर काही आठवड्यांतच डोळे पांढरे पडतात, त्यांच्या घरच्यांनी तर थांबूच नये. विमा आधी काढला असेल तर पॉलिसी वाचा, आजार झाल्यावर काढलेल्यात तो आजार बहुधा धरत नाहीत.

आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय कॉलेज १९५८ पासून आहे, पशु विद्यापीठाचं मुख्यालयही इथेच. माझी मनापासून विनंती आहे की तिथे डोळ्यांच्या तपासणीचा ठराविक वार असावा, दर बाहेर मराठीत लावावेत आणि ऑपरेशन झालं तर पैसे हप्त्याने भरायची सोय असावी. प्रायव्हेट डॉक्टरांनीही तपासणीपासून शेवटच्या ड्रॉप्सपर्यंत, पुढच्या फेऱ्यांसकट सगळा खर्च एका कागदावर लिहून द्यावा. रिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या घरीही कुत्रा असतो, त्यालाही आधी ठरवता यायला हवं की दोन्ही डोळे करायचे, एक करायचा, की नुसती औषधं देऊन दुखणं कमी ठेवायचं.

एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर