मोखाड्याला जाताना

दादर, मुंबई

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

कुपोषित बाळांच्या कामासाठी मोखाड्याला जाताना वजनकाटा, दंड मोजायच्या फिती, तक्ते तू बांधले असशीलच. मला तुला पेजेबद्दल सांगायचं आहे.

बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिली मावतं. 6 किलोच्या बाळाला 180 मिली, म्हणजे जेमतेम एक वाटी. ती पातळ पेजेने भरली की बाळ शांत झोपतं, पण वजन हलत नाही. आई म्हणते, ‘पोटभर खातो’, आणि ते खरंच असतं. तिला खोटं पाडू नकोस. चमचा तिरका करून बघ. पेज ओघळली तर तिच्यात पाणीच जास्त.

नुसती घट्ट पेज लहान बाळाला गिळवत नाही. उपाय त्याच घरात आहे, नाचणी. रात्रभर भिजवून निथळायची, ओल्या फडक्यात बांधायची. दीड-दोन दिवसांत मोड येतात. कडकडीत उन्हात वाळवून, मोड चोळून काढून, अगदी मंद भाजून दळायची. जास्त भाजली तर मोड येताना तयार झालेलं अमायलेज, म्हणजे पिष्ट तोडून पेज सैल करणारं विकर (एन्झाइम), मरतं आणि मेहनत फुकट जाते. घट्ट शिजलेली पेज उतरवून जरा निवू दे, मग त्यात हे पीठ चमचाभर घालून ढवळ. थोड्या वेळात पेज पाण्याशिवाय सैल होते. पुन्हा एक उकळी, वर चमचाभर तेल. तेवढ्याने सुमारे 40 किलोकॅलरी वाढतात. पावसाळ्यात मोड नीट वाळत नाहीत, बुरशी धरते. कुबट वास आला तर सगळंच फेक.

फीत डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलात 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे अतितीव्र कुपोषण. फितीवर हिरवा, म्हणजे ठीक असल्याचा, रंग दिसला तरी दोन्ही पावलं अंगठ्याने 3 सेकंद दाब. खळगा राहिला तर सूज आहे, आणि सुजेमुळे वजनही बरं दिसतं. असं बाळ, किंवा भूकच मेलेलं बाळ, गावात ठेवू नकोस. पोषण पुनर्वसन केंद्रात पाठव. निघण्याआधी 50 मिली साखरपाणी दे. वाटेत आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण.

दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात आणि मुलं यादीतून निसटतात. निघण्याआधी त्यांचं वजन कार्डावर लिही, आणि त्या आयांच्या गाठोड्यात मोडाच्या पिठाची एकेक पुरचुंडी जाऊ दे.

तुझी,
आई