इंजेक्टर चांगला, वायर तुटकी आणि बिल माझ्या नावावर: जुन्या पिकअपच्या चुकीच्या दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
वाहन कंपनी, मुख्य कार्यालय

विषय: मिसिंगचे कारण न शोधता बदललेल्या इंजेक्टरचे व मजुरीचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

माझ्याकडे तुमच्या कंपनीची जुनी पिकअप आहे. चार सिलिंडर, कॉमन रेल डिझेल, म्हणजे एकाच दाबाच्या नळीतून चारही इंजेक्टरांना डिझेल जाते आणि प्रत्येक इंजेक्टर ते आपल्या सिलिंडरमध्ये फवारतो. रावेर-यावल पट्ट्यातली केळी मी स्वतः भरून नेतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही. जुन्या गाडीला खर्च लागतो हे मी धरूनच चालतो. पण जळगाव जिल्ह्यातल्या तुमच्या अधिकृत वर्कशॉपने माझ्याकडून जो खर्च करून घेतला, तो गाडीला लागणारच नव्हता.

बिघाड असा होता. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू व्हायची, धूर नाही, खडखड नाही. इंजिन चांगले तापले आणि खड्ड्यांचा रस्ता लागला की मिसिंग सुरू, म्हणजे एक सिलिंडर काम सोडायचे. गाडी तीन सिलिंडरवर लंगडायची, चेक इंजिनचा दिवा पेटायचा आणि काही वेळाने सगळे आपोआप सुरळीत. एकदा फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याच्या घाटात, भरल्या गाडीने, ऐन चढावर दम सोडला. मागे एसटी होती. त्या दिवशी माल उशिरा पोचला आणि उन्हाळ्यात कापलेली केळी कुणासाठी थांबत नाही. व्यापाऱ्याने भाव पाडला.

हे सगळे मी सुपरवायझरला सांगितले. जॉबकार्डवर त्याने लिहिले: ‘इंजिन मिसिंग’. कधी होते, कशाने होते, यातला एक शब्द नाही. पुढचा सगळा घोळ इथूनच झाला असे माझे मत आहे.

स्कॅनरवर पी०२०३ हा कोड आला. या कोडचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष, असा आहे. सर्किट म्हटले की त्यात इंजेक्टर आला, कनेक्टर आला, ईसीयूपर्यंतची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंतची वायर आली. तुमच्या माणसांनी ‘तिसरा इंजेक्टर’ एवढेच वाचले आणि नवा मागवला. मीटर लावलेला मी पाहिला नाही. नवा इंजेक्टर बसला आणि गाडी पहिल्यापेक्षा वाईट झाली. तापल्यावरचे मिसिंग तसेच राहिले, वर आता थंड गाडीसुद्धा आयडलिंगला थरथरू लागली. परत नेली तर उत्तर मिळाले, “गाडी जुनी आहे, हाफ इंजिन करावे लागेल.”

हाफ इंजिन म्हणजे रिंगा, बेअरिंग, हेडचे काम. ते सुचवण्याआधी निदान सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज तरी लावायचा होता. ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन गेले ते सकाळी थंडीत आधी त्रास देईल. माझे सकाळी पहिल्या सेल्फला उठत होते. आणि झिजलेल्या रिंगा खड्ड्यात बिघडून डांबरावर सुधारत नाहीत.

मी गाडी सावद्याच्या एका जुन्या मिस्तरीकडे नेली. इंजिन तापू दिले आणि चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाहिले. पहिल्या, दुसऱ्या किंवा चौथ्याचे काढले की इंजिनाची ताकद पडायची. तिसऱ्याचे काढल्यावर काहीच फरक नाही, कारण ते आधीच काम करत नव्हते. म्हणजे बिघाड तिसऱ्याच सिलिंडरचा, हे बरोबर. मग इंजिन बंद करून चारही इंजेक्टरांचा रेझिस्टन्स मोजला, चारही सारखेच, एक ओहमच्या आत. त्यानंतर पुन्हा गाडी चालू ठेवून त्याने वायरिंग हाताने हलवायला सुरुवात केली. ब्रॅकेटजवळ हात गेला आणि इंजिन गचकले. पुन्हा हलवले, पुन्हा गचकले. टेप सोलली तर तिसऱ्या इंजेक्टरची वायर ब्रॅकेटच्या धारेवर घासून उघडी पडलेली, आतल्या दोन-चार तारांवर कशीबशी अडकलेली. गरम झाली, धक्का बसला की तुटायची, निवली की जुळायची. सोल्डर, स्लीव्ह आणि एक नवी क्लिप, एवढ्यावर मिसिंग गेले. त्याने घेतलेली मजुरी तुमच्या बिलातल्या कर दाखवलेल्या ओळीपेक्षाही कमी आहे.

जुना इंजेक्टर मी हट्टाने मागून घेतला होता. तो पंप-नोझलच्या लॅबमध्ये टेस्ट बेंचवर लावला. डिझेलचे माप, रिटर्न, फवारा, सगळे मर्यादेत. अहवाल सोबत आहे. त्याच लॅबवाल्याने स्कॅनर लावून आणखी एक गोष्ट दाखवली. माझ्यासारख्या कॉमन रेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतःचा कोड छापलेला असतो आणि इंजेक्टर बदलला की तो ईसीयूमध्ये भरावा लागतो. माझ्या ईसीयूत तिसऱ्या जागी अजून जुन्याच इंजेक्टरचा कोड होता. बिलात मात्र ‘इंजेक्टर कोडिंग’ म्हणून वेगळी रक्कम लावली आहे. न केलेल्या कामाचे पैसे घेतले, याला चूक म्हणावे की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

आता नवा तांब्याचा वॉशर टाकून जुनाच इंजेक्टर परत बसवला आहे आणि गाडी घाट चढते आहे. नवा इंजेक्टर खोक्यासह माझ्याकडे आहे.

माझी मागणी: तो परत घ्यावा, त्याची किंमत, बसवण्याची मजुरी आणि कोडिंगची रक्कम परत करावी, आणि कोणत्या तपासणीवरून हाफ इंजिन सुचवले ते लेखी कळवावे. भाव पडल्याचे नुकसान मी मागत नाही, ते सिद्ध करत बसायला मला वेळ नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. ‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असे मला काउंटरवर ऐकवले गेले, म्हणून लिहितो: स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे व्यावसायिक हेतूची धरली जात नाही.

सोबत: जॉबकार्ड व बिलाची प्रत, लॅबचा अहवाल, ईसीयूतल्या कोडचा आणि दोन्ही इंजेक्टरांचा फोटो, घासलेल्या वायरचा फोटो.

आपला,
एक पिकअपधारक
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव