घराण्याच्या नावासाठी पणाला लावलेली मुलगी

मा. संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी गूढ-भयकादंबऱ्यांवर जो लेख आला, त्यात शेरिडन ले फानू या आयरिश लेखकाच्या 'अंकल सायलस' या १८६४ सालच्या कादंबरीबद्दल सविस्तर लिहिले आहे, हे वाचून समाधान वाटले. आपल्या भागातील वाचनालयांत ही कादंबरी क्वचितच कोणी मागते. मात्र लेखात काका सायलस याचा पैशाचा हव्यास आणि अफूचे व्यसन हाच कादंबरीचा गाभा मानला आहे आणि नायिकेच्या वडिलांची एका वाक्यात बोळवण केली आहे, हे मला पटले नाही. या कादंबरीतील खरे वेड वडिलांचे आहे, काकाला त्या वेडाने फक्त संधी मिळवून दिली, असे माझे स्पष्ट मत आहे. खानापूर आणि बेळगावच्या न्यायालयांत दिवाणी वकिली करताना वाटणीच्या दाव्यांत जे पाहिले, त्यामुळे ते अधिकच पक्के झाले आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. सतरा वर्षांची मॉड रुथिन ही आई नसलेली एकुलती एक मुलगी नोल नावाच्या प्रशस्त वाड्यात आपल्या वृद्ध वडिलांसोबत राहते. वडील ऑस्टिन रुथिन अबोल आहेत. रात्री लांबलचक दालनात येरझाऱ्या घालत ते अंधारात जातात आणि पुन्हा उजेडात येतात, आणि मुलगी शेकोटीपाशी बसून ते पाहत असते. त्यांचा धाकटा भाऊ सायलस दूर डर्बिशायरमध्ये बार्ट्राम-हॉ या पडक्या वाड्यात राहतो. अनेक वर्षांपूर्वी तिथे पाहुणा म्हणून आलेला चार्क नावाचा जुगारी आतून बंद असलेल्या खोलीत गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला होता. सायलस त्याचे पैसे देणे लागत होता. गुन्हा शाबीत झाला नाही, पण संशयही फिटला नाही, आणि रुथिन घराण्याच्या नावाला लागलेला तो डाग ऑस्टिनच्या मनातून कधी गेला नाही.

आता वडील काय करतात ते पाहावे. मृत्यूपूर्वी ते मुलीला विचारतात की घराण्याचे नाव निष्कलंक करण्यासाठी तू काही त्याग करशील का. कोणता त्याग, किती काळ, कोणाच्या हाती, हे ते तिला सांगत नाहीत. वडिलांचा एक शब्द ऐकायला आसुसलेली ती मुलगी हो म्हणते. त्यांच्या निधनानंतर मृत्युपत्र उघडले जाते तेव्हा कळते की ती एकवीस वर्षांची होईपर्यंत तिचा पालक म्हणून त्यांनी सायलसला नेमले आहे, आणि त्याआधी तिचा मृत्यू झाला तर सगळी मालमत्ता त्याच सायलसकडे जाणार आहे. ही तरतूद विसरभोळेपणाने राहिलेली नाही, ती हेतुपुरस्सर केली आहे. जिच्या मरणाने आपला फायदा होणार आहे, त्या पुतणीला भावाने जिवंत आणि सुखरूप परत केले की साऱ्या जगाला त्याचे निर्दोषत्व मान्य करावे लागेल, असा वडिलांचा हिशेब आहे. भावाच्या चारित्र्याचा पुरावा म्हणून ते पोटच्या मुलीचा जीव मांडतात, आणि मुलगी त्यांना आवडत नाही असेही नाही. ते तिच्यावर प्रेम करतात आणि तरीही हे करतात. वडिलांच्या या वागण्याने माझ्या अंगावर जसा काटा आला, तसा सायलसच्या एकाही प्रसंगाने आला नाही.

ही कल्पना लेखकाच्या मनात किती खोलवर रुजलेली होती याचा एक पुरावा आपल्या लेखात यायला हवा होता. ले फानूने हीच गोष्ट प्रथम १८३८ साली एका आयरिश उमराव स्त्रीच्या आत्मकथनाच्या रूपात लिहिली होती. त्या लहानशा कथेतही बाप आपल्या संशयित भावावरचा विश्वास जगाला दाखवण्यासाठी मृत्युपत्राने त्याला मुलीचा पालक नेमतो. पुढे १८५१ साली त्याने तीच कथा पुन्हा हाताळली, आणि कादंबरी झाली ती पहिल्या कथेनंतर सव्वीस वर्षांनी. पात्रांची नावे बदलली, आयर्लंडऐवजी इंग्लंड आले, मादाम द ला रूझिएरसारखी अविस्मरणीय शिक्षिका नव्याने आली, पण बापाने मांडलेला हा डाव जसाच्या तसा राहिला. कादंबरीच्या प्रास्ताविकातही लेखकाने आपले लिखाण निव्वळ खळबळजनक कादंबऱ्यांच्या रांगेत बसवू नये अशी विनंती केली आहे. त्यामुळे केवळ रात्री दचकवणारे पुस्तक अशी तिची ओळख करून देणे तिच्यावर अन्यायाचे आहे.

सायलसबद्दल लेखात जे म्हटले आहे ते बहुतांश योग्यच आहे. पांढरेशुभ्र लांब केस, मृदू बोलणे, जिभेवर सतत धर्मवचने, आणि पाठीमागे कर्जाचा डोंगर. आधी आपल्या मुलाचे, डडलीचे, मॉडशी लग्न लावण्याचा घाट तो घालतो. डडलीचे लग्न गुपचूप आधीच झाले आहे हे उघड झाल्यावर तो दुसऱ्या मार्गाकडे वळतो. चार्कच्या खोलीचे कोडे शेवटी उलगडते ते खिडकीमुळे, कारण तिची संपूर्ण चौकट बिजागरीवर उघडत असते, आणि त्याच खिडकीतून मॉडवरही घाला येतो. ती कशी वाचते हे मी सांगत नाही. पण सायलसचा हव्यास आपल्याला कळतो. कर्जबाजारी माणूस कोणत्या थराला जाऊ शकतो, याची कल्पना कोणालाही करता येते. ऑस्टिन मात्र सुखवस्तू आहे, प्रामाणिक आहे, कोणाचे वाईट चिंतणारा नाही, आणि त्याच्या सदिच्छेतूनच हे सारे घडते.

इथे कायद्याचा एक धागा आहे, जो साहित्यावरील लेखांत सहसा येत नाही. वारसाने जमीन मिळालेल्या अल्पवयीन मुलाचा सांभाळ, ज्याच्याकडे ती जमीन वारसाने जाऊ शकत नाही अशा जवळच्या नातलगाकडे द्यावा, असा इंग्लंडच्या जुन्या कायद्याचा नियम होता. तसे न करणे म्हणजे कोकरू लांडग्याच्या स्वाधीन करणे होय, असे तिथले जुने विधिज्ञ म्हणत. पुढे १६६० च्या कायद्याने बापाला मृत्युपत्राद्वारे स्वतःच्या पसंतीचा पालक नेमण्याचा अधिकार मिळाला. ऑस्टिन रुथिन हा अधिकार वापरतो आणि शतकानुशतकांचे ते शहाणपण बाजूला सारतो. विश्वस्तांपैकी डॉ. ब्रायर्ली यांना धोका दिसतो, नातलग लेडी मोनिका नोलिस हिलाही दिसतो, पण मृत बापाच्या लेखी इच्छेपुढे दोघांचेही काही चालत नाही. आपल्याकडील १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्ये मृत आईबापांच्या इच्छेबरोबरच नियोजित पालकाचे पाल्याशी आणि पाल्याच्या मालमत्तेशी असलेले संबंध न्यायालयाने विचारात घ्यावेत असे स्पष्ट म्हटले आहे, आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने अल्पवयीनाचे हित सर्वोपरी मानले आहे. हे शब्द कायद्यात का घालावे लागले, ते ही कादंबरी वाचल्यावर नीट उमगते.

आता आपल्या सीमाभागाकडे येते. मॉडवर आली तशी वेळ इथे कोणावर आली असे मला म्हणायचे नाही. परंतु घराण्याच्या नावासाठी काय सोडायचे ते मुलीला न सांगता तिच्याकडून होकार घेणे हा प्रकार मी वर्षानुवर्षे पाहिला आहे. कर्नाटकात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला सहहिस्सेदार म्हणून मुलाइतका हक्क १९९४ मध्ये मिळाला, देशभर तो २००५ मध्ये आला, आणि वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्मानेच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही भावांच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही करायला आलेली बहीण मी अनेकदा पाहिली आहे, आणि आपण नेमके काय सोडत आहोत हे तिला ठाऊक नसे. दस्तऐवज कन्नडमध्ये, तिचे शिक्षण मराठीत, आणि बरोबर आलेले वडीलधारे सांगत की आप्पांची शेवटची इच्छा होती, वाड्याची वाटणी झाली तर गावात घराण्याची शोभा होईल. सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती, आणि केली तर वर्षाची चोळी-बांगडी. मी मजकूर मराठीत समजावून सांगू लागले की काही वेळा त्या बहिणीच मला थांबवीत आणि म्हणत, राहू द्या बाई, आप्पांना शब्द दिला आहे. त्यांच्या त्या स्वरात लोभाची वा रागाची छटा नसे. वडिलांनी आपल्यावर काही विश्वासाने सोपवले आहे याचा अभिमानच असे. मॉडचा होकार असाच आहे, आणि म्हणून कादंबरीतील ती प्रकरणे वाचताना ती मुलगी मला परकी वाटली नाही.

यावरून सगळे वडील आणि सगळे भाऊ दोषी ठरतात असे नव्हे. बहिणीने न मागताही तिचा हिस्सा तिच्या नावे उताऱ्यावर चढवणारे भाऊही याच तालुक्यात आहेत आणि त्यांची कामे मी आनंदाने केली आहेत. माझा आक्षेप एवढाच आहे की, वाईट काका आणि भोळे वडील अशी विभागणी करून ही कादंबरी वाचली तर वडिलांना जाब विचारायचा राहून जातो, आणि लेखकाने तर तो जाब विचारण्यासाठीच कथा तीन वेळा लिहिली असे मला वाटते. मॉड स्वतः शेवटपर्यंत वडिलांना दोष देत नाही. ते काम वाचकावर येऊन पडते.

आपल्या पुरवणीत या लेखमालेचा पुढील भाग येणार असेल, तर त्यात वडील मुलीकडून वचन घेतात तो प्रसंग आणि मृत्युपत्राचे वाचन होते तो भाग, या दोन्हींचा परिचय विस्ताराने द्यावा अशी विनंती आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील वाचक मंडळांनी, विशेषतः महिला मंडळांनी, या भागांवर एकत्र चर्चा ठेवली आणि तीत हक्कसोडपत्राचा एखादा नमुना मराठीत वाचून दाखवला, तर त्यासाठी लागेल तेवढा वेळ द्यायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वकील
खानापूर, जि. बेळगाव